फ्रोझन सेक्शन स्टेनिंग करताना स्लाइडवरून सुटतात: दोष नेमका कुठे?

थेंबभर_बफर

उंदराच्या मेंदूचे फ्रोझन सेक्शन (गोठवून कापलेले पातळ काप) इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकणाऱ्या अँटीबॉडीने स्टेनिंग करताना स्लाइडवरून सुटत आहेत. जवळजवळ निम्मे सेक्शन कव्हरस्लिपपर्यंत पोचतच नाहीत. पद्धत पूर्ण लिहितो, म्हणजे कुणाला अंदाज बांधावा लागणार नाही.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने, म्हणजे पीएफएने परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून सोडून टिश्यू फिक्स करणं, म्हणजे त्यातली प्रथिनं जागच्या जागी बांधणं). त्यातच ४ अंश सेल्सिअसला रात्रभर, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये मेंदू तळाशी बसेपर्यंत. ओसीटी या गोठवण्याच्या जेलमध्ये ब्लॉक करून ड्राय आइसवर गोठवलेला. क्रायोस्टॅट (गारठ्यात काप काढणारं यंत्र) उणे २० अंशांवर, जाडी १४ मायक्रॉन. स्लाइड्स पॉझिटिव्ह चार्जच्या, नव्या पाकिटातल्या. सेक्शन उचलल्यावर २० मिनिटं टेबलावर वाळवून बॉक्स उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये.

स्टेनिंगच्या दिवशी स्लाइड्स फ्रीजरमधून काढून लगेच पीबीएस या खारट बफरमध्ये, ५ मिनिटांचे ३ वॉश शेकरवर. मग १० मिलिमोलर सायट्रेट बफर, पीएच ६, ९५ अंशांना २० मिनिटं (हेच अँटिजेन रिट्रीव्हल, म्हणजे अँटीबॉडी जिथे बसते ती जागा मोकळी करणं). ०.३ टक्के ट्रायटन (डिटर्जंट) घातलेलं ब्लॉकिंग (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) १ तास, प्रायमरी अँटीबॉडी ४ अंशांना रात्रभर, सेकंडरी २ तास.

थोडे सेक्शन पहिल्याच वॉशमध्ये तरंगतात, बहुतेक सायट्रेटमध्ये जातात. जे उरतात त्यांची कॉर्पस कॅलोसमजवळची (मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याजवळची) बाजू उचललेली किंवा दुमडलेली असते. त्याच पाकिटातल्या स्लाइड्सवर यकृताचे न फिक्स केलेले ८ मायक्रॉनचे सेक्शन मात्र अ‍ॅसिटोननंतर व्यवस्थित टिकतात, त्यामुळे दोष स्लाइड्सचा वाटत नाही. वरून आणखी एखादं कोटिंग द्यावं, की सायट्रेटचं तापमान उतरवावं?

उणे_ऐंशी

सेक्शन सायट्रेटमध्ये सुटलेला दिसतो, पण त्याची पकड आधीच गेलेली असते. तुमच्या पद्धतीत मला दोन जागा खटकतात आणि दोन्ही पहिल्या वॉशच्या आधीच्या आहेत.

एक म्हणजे २० मिनिटांचं वाळवणं. सुक्रोज मुरलेला टिश्यू पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा वाटला तरी काच आणि टिश्यू यांच्या मधे पाकासारखा ओलावा राहतो. स्लाइड उणे ८० ला गेली की त्या ओलाव्याचा बर्फ होतो आणि टिश्यू काचेपासून जागोजागी अलग होतो. दुसरी जागा म्हणजे फ्रीजरमधून थेट पीबीएस. खालचा बर्फ तिथे बफरमध्येच वितळतो, म्हणजे सेक्शन काचेला टेकण्याऐवजी पाण्याच्या थरावर बसतो. मग ९५ अंशांचं सायट्रेट फक्त शेवटचा धक्का देतं.

यकृताचं उत्तरही इथेच सापडतं. न फिक्स केलेला सेक्शन खोलीच्या तापमानाच्या काचेवर वितळतो तेव्हा तो खरोखर पसरतो, त्यातली मोकळी प्रथिनं काचेच्या बारीकसारीक उंचसखल जागेत शिरतात, तिथेच वाळतात, आणि अ‍ॅसिटोन त्यांना तिथल्या तिथे घट्ट बसवतं. टिश्यू स्वतःच स्वतःचा डिंक होतो. पीएफएमधून आलेल्या मेंदूत ही प्रथिनं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात. तो सेक्शन जेलीच्या पातळ चकतीसारखा वागतो: काचेवर बसतो, पण पसरत नाही. म्हणून फिक्स केलेल्या टिश्यूला वाळवण्यासाठी कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. चार्ज असलेली काचसुद्धा टिश्यू तिला प्रत्यक्ष टेकला असेल तरच धरते, मधे पाण्याचा थर असेल तर तिचा काही उपयोग नाही.

नव्याने कापताना मी सांगेन ते असं. मेंदू सुक्रोजमधून काढल्यावर बाहेरचं द्रावण टिशू पेपरने टिपून घ्या आणि ब्लॉक करण्याआधी ३० टक्के सुक्रोज व ओसीटी यांच्या समभाग मिश्रणात १ ते २ तास ठेवा. नाहीतर मेंदू आणि ओसीटी यांच्या सीमेवर सुक्रोजचा थर राहतो, आणि कापताना सेक्शन तिथेच ओसीटीपासून फाटतो. स्लाइड खोलीच्या तापमानाची हवी. काही जण ती क्रायोस्टॅटच्या आत ठेवून गार करतात. मग सेक्शन एकदम वितळत नाही, खाली हवा अडकते, आणि त्या हवेच्या जागी पुढे बरोबर भोक पडतं. स्लाइड सेक्शनला समांतर धरून हलकेच खाली आणा, दाबू नका. सेक्शन आपण होऊन उडी मारून चिकटतो. लगेच काचेच्या मागच्या बाजूला बोट ४-५ सेकंद टेकवलं की राहिलेला भागही वितळून बसतो.

मग वाळवणं. पंख्याखाली किमान २ तास, किंवा सगळ्यात खात्रीचं म्हणजे ३७ अंशांच्या स्लाइड वॉर्मरवर रात्रभर. स्लाइड उजेडात तिरकी धरून बघा. टिश्यूचा भाग मळकट पांढरा, निस्तेज दिसला तर वाळला. चकाकी असेल तर अजून ओला आहे, घड्याळ काहीही सांगो. भोवतालचं ओसीटी वाळल्यावरही चकाकतं, त्यावर जाऊ नका.

फ्रीजरमध्ये ठेवताना बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी आणि बॉक्स झिपच्या पिशवीत बंद. बाहेर काढताना पिशवी न उघडता ३० ते ४५ मिनिटं टेबलावर ठेवा. पिशवी आधी उघडली की गार काचेवर हवेतलं बाष्प जमतं आणि रात्रभर वाळवलेला सेक्शन मिनिटभरात भिजतो.

वाळलेल्या सेक्शनला स्लाइडवरच पुन्हा ४ टक्के पीएफए, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. मेंदू आधीच फिक्स झालाय, पुन्हा कशाला, असं वाटेल. पण हे दुसरं फिक्सेशन टिश्यूला स्लाइडवरच्या स्थितीत बांधतं, आणि पुढच्या ट्रायटनला तोंड द्यायला ते लागतं.

आता सायट्रेट. आधी एक स्लाइड रिट्रीव्हल न करता लावून बघा. पीएफएने फिक्स केलेल्या फ्रोझन सेक्शनवर बऱ्याच अँटीबॉडी रिट्रीव्हलशिवाय चालतात; ती पायरी पॅराफिनच्या पद्धतीतून सवयीने आलेली असते. लागलंच तर ८० अंशांना ३० मिनिटं, किंवा ६० ते ६५ अंशांना रात्रभर. बफर उकळता कामा नये. बुडबुडा सेक्शनच्या कडेखाली शिरतो आणि तो भाग उचलतो. झाल्यावर जार बाहेर काढून त्याच बफरमध्ये २० ते ३० मिनिटं निवू द्या, गरम स्लाइड गार पीबीएसमध्ये टाकू नका. पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए हे दुसरं रिट्रीव्हल बफर टाळता आलं तर टाळा, अल्कलीत सेक्शन जास्त सुटतात.

काचपट्टी

कोटिंगच्या प्रश्नाबद्दल. चार्ज असलेल्या स्लाइडवर जिलेटिन किंवा पॉलिलायसिन चढवू नका. वरचा थर खालचा चार्ज झाकतो, आणि मग पकड त्या नव्या थराची असते, तुम्ही पैसे मोजलेल्या चार्जची नव्हे. त्या स्लाइड्स धुवूही नका, अल्कोहोलने पुसूही नका. एवढंच तपासा की सेक्शन छापील खुणेच्या बाजूला घेतला आहे. अनेक स्लाइड्सवर चार्ज एकाच बाजूला असतो, आणि क्रायोस्टॅटपुढे हातमोज्यांत स्लाइड उलटी धरली जाणं सहज घडतं.

साध्या काचेवर स्वतः कोटिंग करायचं असेल तर तीन पर्याय आहेत, पण ते एका तोलाचे नाहीत.

जिलेटिन-क्रोम अ‍ॅलम जुनं आणि स्वस्त. ५०० मिली डिस्टिल्ड पाणी ५० अंशांच्या आसपास तापवून त्यात २.५ ग्रॅम जिलेटिन हलवत विरघळवा. ६० च्या वर नेऊ नका, जिलेटिनची ताकद कमी होते. ४० पर्यंत उतरल्यावर ०.२५ ग्रॅम क्रोमियम पोटॅशियम सल्फेट घाला, गाळून घ्या. स्वच्छ स्लाइड्स रॅकमध्ये ४-५ वेळा सावकाश बुडवा, फेस येऊ देऊ नका, उभ्या ठेवून धूळ नसलेल्या जागी ३७ अंशांना रात्रभर वाळवा. द्रावण त्याच दिवशी वापरा, उरलेल्यात जिवाणू वाढतात आणि ते पुढे मायक्रोस्कोपखाली ठिपके होऊन दिसतात. हे कोटिंग जाड सेक्शन आणि (चेतापेशी जांभळ्या रंगवणाऱ्या) निस्ल स्टेनसाठी उत्तम, पण रिट्रीव्हलच्या तापमानाला त्याचा भरवसा धरू नका. क्रोम अ‍ॅलमने जिलेटिन घट्ट होतं खरं, तरी गरम बफरमध्ये मऊ पडतं. शिवाय थर जाड झाला तर बेसिक डाय त्यातही शिरतो आणि पूर्ण स्लाइडला जांभळी झाक येते.

पॉलिलायसिन: ०.१ टक्क्याचं स्टॉक १ भाग आणि पाणी ९ भाग, स्लाइड ५ मिनिटं बुडवायची, ६० अंशांना तासभर वाळवायची. ५ मिनिटांऐवजी तासभर बुडवून पकड वाढत नाही. द्रावण काचेच्या भांड्यात ठेवलं तर पॉलिलायसिन भांड्याच्याच भिंतीला बसतं, म्हणून प्लास्टिकचं भांडं.

अ‍ॅपटेस, म्हणजे सिलेन कोटिंग, या तिन्हींत सगळ्यात टिकाऊ, कारण ते काचेशी रासायनिक बंध करतं. पण स्लाइड निर्मळ हवी: डिटर्जंट, भरपूर पाणी, मग १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं ७० टक्के अल्कोहोल, डिस्टिल्ड पाणी, पूर्ण कोरडी. कोरड्या अ‍ॅसिटोनमधल्या २ टक्के अ‍ॅपटेसमध्ये १ मिनिट, मग अ‍ॅसिटोनचे दोन वॉश, डिस्टिल्ड पाण्यात एकदा बुडवून ३७ अंशांना रात्रभर. अ‍ॅसिटोनमध्ये ओलावा असला तर अ‍ॅपटेस काचेला बसण्याआधी आपापसातच जोडलं जातं आणि द्रावण गढूळ होतं. गढूळ झालेलं टाकून द्या. काम फ्यूम हूडमध्येच.

तुमच्या बाबतीत मात्र कोटिंग बदलायच्या आधी वाळवणं सुधारा. यकृत टिकतंय, म्हणजे काच ठीक आहे.

कोप्लिन

वरच्या दोघांनी मूळ सांगितलंच आहे. मी धुण्याबद्दल आणि ओसीटीबद्दल लिहितो, कारण चांगला वाळलेला सेक्शनही इथे घालवता येतो.

सेक्शनभोवती ओसीटीची रुंद चौकट ठेवू नका. ओसीटी म्हणजे मुख्यतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल. पाण्यात ते आधी फुगतं आणि मग विरघळतं. फुगताना टिश्यूची कड सोबत उचलते. ब्लॉक कापण्याआधी ब्लेडने चारी बाजूंनी छाटून टिश्यूभोवती १-२ मिलिमीटरच ओसीटी ठेवा. अ‍ॅसिटोनमध्ये हे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल विरघळत नाही, पातळ पापुद्रा होऊन राहतं, आणि नंतरच्या पीबीएसमध्ये तो पापुद्रा अखंड निघताना टिश्यू घेऊन जाऊ शकतो. अ‍ॅसिटोन वापरणाऱ्यांनी तर ही छाटणी नक्कीच करावी.

कॉर्पस कॅलोसम उचलला जातो याचं नवल नाही. पांढऱ्या भागात मायलिनची, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणाची, चरबी जास्त, त्यामुळे काचेशी पकड आधीच कमी. त्यात खालीच व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या पोकळीची) मोकळी कड असते. पाणी आत शिरायला तिथूनच वाट मिळते. तिथे बारीकशी सुरकुती असेल तर सेक्शन तिथूनच सोलला जाणार. सुरकुतीखाली टिश्यू काचेला टेकलेलाच नसतो, म्हणून घडी पडलेला सेक्शन स्लाइडवर घेण्यापेक्षा टाकून देणं परवडतं. घड्या पडतच असतील तर अँटी-रोल प्लेटची (सेक्शन वळू न देणाऱ्या पट्टीची) कड तपासा, ब्लेडची नवी जागा वापरा, आणि चेंबर २ अंश खाली-वर करून बघा. सेक्शन चुरगळून एकत्र जमत असेल तर ब्लॉक गरम आहे, चिरत किंवा तडकत असेल तर जास्त गार. सुक्रोज मुरलेल्या मेंदूला उणे २० ते उणे २२ सहसा जमतं.

शेकर बंद करा. कोप्लिन जारमध्ये (स्लाइड उभ्या ठेवायच्या खाचांच्या बरणीत) स्लाइड सावकाश उभी उतरवायची, ५ मिनिटं तशीच सोडायची, हवं तर जार हाताने एकदा-दोनदा हलवायचा. वॉश बॉटलची धार सेक्शनवर कधीच नाही. स्लाइड आडवी ठेवून धुवायची असेल तर पिपेटने बफर एका कोपऱ्यात सोडा आणि विरुद्ध कोपऱ्यातून टिशू पेपरने ओढून घ्या. पॅप पेनची (द्रावण सेक्शनभोवती अडवणाऱ्या पेनची) रेघ कोरड्या काचेवरच मारा, टिश्यूपासून ३-४ मिलिमीटर दूर. ओल्या काचेवर ती धरत नाही, आणि टिश्यूला लागली तर तिथे अँटीबॉडी पोचतच नाही.

ट्रायटन ०.३ टक्के रात्रभर अँटीबॉडीत राहत असेल तर तेही कमी करा. १४ मायक्रॉनला ०.२ टक्के १० ते १५ मिनिटं वेगळ्या पायरीत पुरतं, पुढच्या द्रावणांत ०.०५ टक्के ट्वीन-२० चालेल. ट्रायटन चरबी काढून नेतं, आणि मायलिनच्या भागात धरून ठेवायला फार काही उरत नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण हा धागा वाचून कुणी तसं करायला जाईल: वाळवण्याचा हा सगळा सल्ला इम्युनो आणि इन सिटूसाठी (टिश्यूतच आरएनए शोधण्यासाठी) आहे. शस्त्रक्रिया चालू असताना हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसाठी घेतलेला ताजा सेक्शन वाळू देऊ नका. तो काही सेकंदांत अल्कोहोल फिक्सेटिव्हमध्ये गेला पाहिजे. हवेत वाळला की केंद्रकं फुगतात, पुसट होतात आणि निदानाला त्रास होतो. तिथे सेक्शन सुटला तर दोष बहुधा ब्लूइंगच्या (हिमॅटॉक्सिलिन निळं करण्याच्या पायरीतल्या) अमोनियाचा असतो. त्याऐवजी स्कॉटचं पाणी वापरा: १ लिटरमध्ये सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम.

थेंबभर_बफर

धन्यवाद, बरंच उलगडलं. दोन गोष्टी राहिल्या. १५० स्लाइड्स आधीच उणे ८० मध्ये आहेत, २० मिनिटंच वाळवलेल्या. त्या वाचवता येतील का? काही पद्धतींत ६० अंशांना भाजायला सांगतात, ते मेंदूला चालेल का? आणि यकृतावर पुढे डीएबी (अँटीबॉडीच्या जागी एन्झाइमने तपकिरी रंग आणणारं स्टेनिंग) करायचं आहे. पेरॉक्साइडच्या पायरीत त्याचे तुकडे सुटतात असं ऐकलंय.

उणे_ऐंशी

बऱ्याचशा वाचतील. आजच्या कामाला लागतील तेवढ्याच स्लाइड्स वेगळ्या काढा. त्यासाठी मुख्य बॉक्स फ्रीजरबाहेर उघडा ठेवू नका, ड्राय आइसवर ठेवून पटकन काढा. निवडलेल्या स्लाइड्स छोट्या बंद बॉक्समध्ये, बॉक्स झिपच्या पिशवीत, आणि पिशवी बाहेरून पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मग ३७ अंशांना रात्रभर, आडव्या. सेक्शनखालचा बर्फ आता काचेवरच वितळेल आणि वाळेल, म्हणजे टिश्यूला काचेला टेकायची आणखी एक संधी मिळेल. त्यानंतर पीएफए १० मिनिटं, पीबीएस, आणि पुढे नेहमीप्रमाणे. ज्यांच्यात टिश्यूखाली चंदेरी, आरशासारखे डाग दिसतात तिथे हवा आहे. तेवढा भाग बहुधा जाईलच, मोजणीसाठी तो धरू नका.

६० अंशांबद्दल माझा कल ३७ कडे आहे. उष्णतेने ओलावा बाहेरून आधी जातो, वरचा थर आवळतो आणि कडा वळतात.

काचपट्टी

६० बद्दल थोडा मतभेद. ओला सेक्शन थेट ६० ला ठेवला तर कडा वळतात हे खरं. पण आधी वाळलेला, पीएफएने फिक्स केलेला सेक्शन ६० ला ३० मिनिटं ठेवायला हरकत नाही. आरएनए इन सिटूच्या कामात तर हे नित्याचं आहे: पीबीएसमध्ये ५ मिनिटं ओसीटी काढायचं, ६० अंशांना ३० मिनिटं, ४ अंशांच्या गार पीएफएमध्ये १५ मिनिटं, मग ५०, ७०, १०० आणि पुन्हा १०० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी ५ मिनिटं, आणि हवेत वाळवणं. ही अल्कोहोलची शिडी इम्युनोतही उपयोगी पडते. टिश्यूतलं उरलंसुरलं पाणी जातं आणि तो काचेवर घट्ट बसतो. मात्र मेंदूत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल आणि त्याची मूळ चमकच बघायची असेल तर अल्कोहोल नको, ती मंदावते; मग जीएफपीविरुद्धची अँटीबॉडी लावावी लागेल. न फिक्स केलेल्या टिश्यूला ६० अंश अजिबात नको, बरेच अँटिजेन बिघडतात.

एकदम १५० स्लाइड्स लावू नका. चार स्लाइड्स घ्या: एक फक्त ३७ ला वाळवलेली, दुसरी ३७ आणि पीएफए, तिसरी या दोन्हींसोबत ६० लाही ३० मिनिटं, चौथी अल्कोहोलच्या शिडीसकट. चारही ८० अंशांच्या सायट्रेटमधून काढा आणि प्रत्येक पायरीनंतर मोबाइलने फोटो घ्या. कुठल्या पायरीत कुठला कोपरा उचलला हे फोटोत दिसतं. डोळ्यांना ते शेवटी, सगळं झाल्यावर लक्षात येतं.

कोप्लिन

यकृत आणि पेरॉक्साइडबद्दल. यकृतात कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) भरपूर, रक्तपेशींतही. ३ टक्के पेरॉक्साइड पडलं की सेक्शनच्या आत आणि खाली ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि टिश्यू फाटतो. प्लीहा आणि किडनीलाही हेच होतं. ०.३ टक्के पेरॉक्साइड वापरा, मिथेनॉलमध्ये २० ते ३० मिनिटं, किंवा अँटिजेनला मिथेनॉल सोसत नसेल तर पीबीएसमध्ये तेवढंच. स्लाइड उभी ठेवा, म्हणजे आलेले बुडबुडे वर निघून जातात, सेक्शनवर बसून राहत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत फेस दिसला तर द्रावण अजून निम्मं पातळ करून वेळ वाढवा. ही पायरी प्रायमरी अँटीबॉडीनंतर, सेकंडरीच्या आधी घेतली तरी चालते. अँटिजेन पेरॉक्साइडला नाजूक असेल तर तीच जागा बरी.

डीएबी झाल्यावर शेवटचं पाणी नळाच्या धारेखाली नको. जारमध्ये नळाचं पाणी भरून ३ वेळा बदला. आणि कव्हरस्लिप बसवताना बुडबुडा राहिला तर काच ओढून काढू नका. स्लाइड उभी करून मीडियमच्या सॉल्व्हंटमध्ये ठेवा, कव्हरस्लिप आपोआप घसरून खाली येईल.